वाचकांचे प्रश्न : जिन्यात भेटलेला विद्यार्थी

प्रश्न : मी अठरा वर्षे महाविद्यालयात शिकवीत आहे. यंदा विद्यार्थी-कल्याण समितीचे काम माझ्याकडे आले. गेल्या वर्षी समितीने आरोग्य सप्ताह केला, ताणतणावावर दोन व्याख्याने ठेवली आणि एका समुपदेशकांची नेमणूकही केली. परंतु त्यांच्याकडे वर्षभरात मोजकेच विद्यार्थी गेले. त्याच वर्षी माझ्या वर्गातला एक नियमित मुलगा हळूहळू यायचा बंद झाला. मध्यंतरी तो मला जिन्यात भेटला होता, पण काय बोलावे हे न सुचल्याने मी नुसती हसून पुढे गेले. पुढे त्याने शिक्षण सोडल्याचे कळले. समितीने नेमके काय करावे?
— एक प्राध्यापिका

उत्तर : तुमच्या पत्रातली जिन्यातली ती भेट मला समितीच्या सगळ्या कार्यक्रमांहून महत्त्वाची वाटते; म्हणून सुरुवात तिथूनच करतो. अशा वेळी निदान करणे किंवा उपदेश करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. आपल्याला जे दिसले तेवढेच सांगावे : ‘तीन आठवडे तू वर्गात दिसला नाहीस, मला काळजी वाटली. कसा आहेस?’ आणि मग थांबावे. उत्तर यायला वेळ लागतो, आणि त्या शांततेत घाईने धीर देऊ लागलो, तर समोरचा ‘सगळे ठीक आहे’ म्हणून सुटका करून घेतो. बोलण्यातून पराकोटीची निराशा जाणवली, तर जीव देण्याचे विचार मनात येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल ही भीती सार्वत्रिक आहे, पण या विषयावरील अभ्यासांत तिला आधार सापडलेला नाही. उलट कुणीतरी विचारले याचाच अनेकांना दिलासा वाटतो. उत्तर होकारार्थी आले, तर त्या विद्यार्थ्याला एकटे सोडू नये, स्वतः सोबत जाऊन समुपदेशक किंवा डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन त्याबाबतीत कधीही देऊ नये.

हे शिकता येते. ऑस्ट्रेलियात २००० साली बेटी किचनर आणि टोनी जॉर्म यांनी मानसिक आरोग्याच्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षण सुरू केले, ते मुद्दाम सामान्य माणसांसाठीच. तुमच्या समितीकडे मर्यादित निधी असेल, तर पुढच्या व्याख्यानावर तो खर्च करण्याऐवजी शिक्षक, ग्रंथालयातले कर्मचारी, वसतिगृहाचे अधीक्षक आणि पहारेकरी यांच्या अशा प्रशिक्षणावर करावा, असे मी आग्रहाने सांगेन. रात्री दोन वाजता व्हरांड्यात एकटा बसलेला मुलगा समुपदेशकांच्या आधी पहारेकऱ्याला दिसतो.

समुपदेशकांची खोली रिकामी का राहते, याचे उत्तर बहुधा तिच्या जागेत आणि वेळेतच सापडेल. प्राचार्यांच्या कार्यालयाशेजारी दारावर ठळक पाटी लावून, तासिका सुरू असतानाच उघडी असणारी खोली ठेवली, तर तिथे शिरताना आपल्याला सारे पाहत आहेत असे वाटणारच. मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या आरोग्य केंद्रात काम केले. मनाचे दुखणे घेऊन आलेल्यांपैकी बहुतेकांनी पहिल्या भेटीत डोकेदुखी, पोटदुखी किंवा झोप न येण्याचीच तक्रार सांगितली. त्या तक्रारीच्या निमित्ताने दार उघडते. त्यामुळे डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक यांना एकाच केंद्रात बसवावे. तिथे येणाऱ्याचे कारण दारावर कुणाला कळत नाही. वसतिगृहात दाटीने राहणाऱ्यांत मेंदुज्वरासारखे संसर्ग पसरण्याचा धोका अधिक असतो. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी लसीकरणाची चौकशीही त्याच केंद्राने करावी.

हा वयोगट एवढे लक्ष का मागतो, हेही सांगतो. रोनाल्ड केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात कधीतरी मानसिक विकार होणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये त्याची सुरुवात १४ व्या वर्षापर्यंत आणि सुमारे तीन-चतुर्थांशांमध्ये २४ व्या वर्षापर्यंत झालेली असते, असे त्यात दिसले. म्हणजे पदवीची वर्षे नेमकी त्या काळात येतात, आणि त्याच वर्षांत मुले पहिल्यांदा घर सोडून राहतात.

आता वेळापत्रकाकडे वळतो, कारण माझ्या मते समितीची खरी कसोटी तिथे लागते. किशोरवयात शरीराचे घड्याळ पुढे सरकते आणि साधारण विसाव्या वर्षाच्या आसपास ते सर्वाधिक उशिराचे असते; त्यानंतर माणूस पुन्हा हळूहळू लवकर झोपू लागतो. ज्या वयात लवकर झोप येणे शरीरालाच कठीण असते, त्या वयाच्या मुलांना आपण भल्या सकाळी प्रात्यक्षिकाला उभे करतो, आणि गृहपाठ सादर करण्याची मुदत मध्यरात्रीची ठेवतो. ही मुदत संध्याकाळी पाचची केली, तर संस्थेचा एक पैसाही खर्च होत नाही. पाच विषयांच्या चाचण्या एकाच आठवड्यात येऊ नयेत म्हणून विभागप्रमुखांनी सत्राच्या आरंभी एकत्र बसून तारखा ठरवाव्यात. आजारपणामुळे हुकलेली चाचणी पुन्हा देण्याची पद्धत लिखित स्वरूपात सर्वांना माहीत असावी, म्हणजे तापाने फणफणलेल्या मुलाला प्रत्येक शिक्षकाकडे विनवण्या करत फिरावे लागणार नाही.

हा विचार काही नवा नाही. अमेरिकेतील ॲम्हर्स्ट महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या ढासळत्या प्रकृतीची चिंता वाटू लागल्यावर १८६१ साली एडवर्ड हिचकॉक या डॉक्टरांना आरोग्यशास्त्र आणि शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक नेमले गेले. आरोग्य हा तिथे शिक्षणाचाच भाग मानला गेला. २०१५ साली कॅनडात जाहीर झालेली, विद्यापीठे आणि महाविद्यालयांसाठीची ओकानागन सनदही हेच मांडते, की आरोग्याचा विचार संस्थेच्या दैनंदिन कारभारात, धोरणांत आणि अभ्यासक्रमात मुरलेला असला पाहिजे. तुमच्या समितीने वेळापत्रक ठरवणाऱ्या बैठकीत एक जागा मागून घ्यावी. ती मिळाली, तर आरोग्य सप्ताह झाला नाही तरी चालेल.

प्रश्न : मी वसतिगृहात राहते. परीक्षेच्या काळात रात्र रात्र जागते, जागे राहण्यासाठी तीन-चार कप कॉफी पिते आणि तरीही पेपर हातात आला की वाचलेले आठवत नाही. माझ्या मैत्रिणी हेच करतात आणि त्यांना जमते. माझ्यातच काही कमी आहे का?
— प्रथम वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : तुझ्यात काहीही कमी नाही, आणि मैत्रिणींना खरोखर किती जमते याचीही मला शंका आहे. वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत चालते. झोपच काढून घेतली, तर मेंदूला ते काम करायला वेळच उरत नाही. सलग सतरा तास जागे राहिल्यावर हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले होते. रात्रभर जागून सकाळी पेपरला बसणारी मुलगी त्याहूनही अधिक तास जागी असते. प्रौढांना रोज किमान सात तासांची झोप लागते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीही ही गरज बदलत नाही.

कॉफीतल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. काहींना त्याहून जास्त. रात्री नऊला घेतलेल्या कपाचा निम्मा अंमल पहाटे दोनला शिल्लक असतो. दुपारनंतर कॉफी बंद कर.

अभ्यासाची रीत मात्र थोडी बदलून पाहा. हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले. पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत, पुस्तक मिटून आठवण्याचा सराव केलेल्यांनी त्यांना मागे टाकले. रात्री वाचताना ‘हे मला येते’ असे वाटते आणि सकाळी काहीच सुचत नाही, याचे कारण इथे आहे. एक पाठ वाच, वही मिट, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिही, राहून गेलेले तपास आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच कर. झोप पुरेशी होऊनही आठवडेच्या आठवडे मन लागत नसेल, भूक गेली असेल किंवा रडू येत असेल, तर परीक्षा संपण्याची वाट न पाहता आरोग्य केंद्रात जा.

प्रश्न : आमची मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. ती समुपदेशकांकडे जाते असे तिच्याच बोलण्यातून कळले. महाविद्यालयाकडे चौकशी केली, तर काहीही सांगण्यास नकार मिळाला. पालक म्हणून आम्हाला हे कळायला नको का?
— एक आई

उत्तर : तुमची अस्वस्थता मी समजू शकतो, परंतु नकार देणाऱ्यांनी योग्य तेच केले. तिथे बोललेले घरी पोहोचते अशी शंका आली, तर मुलगी तिथे जाणेच थांबवील. जिवाला धोका दिसला, तर समुपदेशक ही मर्यादा ओलांडतात, आणि हे विद्यार्थ्यांना पहिल्याच भेटीत सांगितले जाते.

तिने स्वतःच्या तोंडून तुम्हाला ही गोष्ट कळू दिली, याकडे कृपया लक्ष द्या. फोनवर गुण आणि हजेरी यांच्याआधी तिची झोप, तिचे जेवण, ती कुणाबरोबर फिरायला जाते हे विचारा; समुपदेशकांशी काय बोललीस, हे मात्र विचारू नका. ‘तू मदत घेतलीस हे बरे केलेस’ एवढे एकदा म्हणा आणि पुढच्या सुट्टीत ती घरी आली की दोन दिवस तिला मनसोक्त झोपू द्या.