गरीब स्वभाव रंगवताना शब्दांची निवड

तुमच्या कथेतला बीडचा ऊसतोड मजूर मुकादमासमोर ‘नम्रपणे’ उभा राहतो, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते तो शब्द तिथे चुकला आहे. नम्रता माणूस आपखुशीने धारण करतो, आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन बांधला गेलेला माणूस खाली पाहतो तो बहुधा दबून. त्याच्यासाठी ‘निमूट’ वापरून पाहा, कारण बोलण्यासारखे पुष्कळ होते आणि ते गिळले गेले, हे त्या एका शब्दात आपोआप येते. ‘भिडस्त’ माणूस वेगळा. त्याला समोरच्याचे मन मोडवत नाही, म्हणून तोंडून नकार निघत नाही. ‘बुजरा’ परक्या माणसांत आक्रसतो, घरात मात्र मोकळा असू शकतो. ‘लाचार’ शब्द फार जपून वापरा, कारण त्यात लेखकाचा तिरस्कार मिसळतो आणि तुमचे पात्र त्याला मुळीच पात्र नाही.

पैठणच्या एकनाथांची कथा आठवा. अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्यावर न रागावता ते दर वेळी गोदावरीत स्नान करून येत राहिले. तिथे ‘दुबळा’ साफ चूक ठरतो आणि ‘सोशिक’ही अपुरा पडतो, ‘क्षमाशील’च म्हणावे लागते, कारण त्या सहन करण्यामागे बळ आहे.

आपल्याकडे ‘लई गरीब लेकरू हाय’ म्हणतात, तेव्हा पैशाचा संबंध नसतो. तो ‘गरीब’ संवादात जरूर ठेवा. निवेदनात मात्र विशेषणाऐवजी उपरण्याचे टोक पिळणारी त्या मजुराची बोटे दाखवा.