‘आधारपेशी’ की ‘तारापेशी’?

प्रश्न असा आहे: मेंदूवरच्या एका लेखाचं मराठी करताना ‘ग्लायल सेल’साठी ‘आधारपेशी’ घेतला, पण “आधारपेशी शरीराचं घड्याळ चालवतात” हे वाक्य खटकतं. दुसरा शब्द सुचवाल का?

खटकणारच. आधार म्हणजे टेकू, आणि टेकूनं घड्याळ चालवलं म्हटलं की वाचक अडखळतो. पण दोष तुमचा नाही, बारशातला आहे. १८५० च्या दशकात रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरांनी चेतापेशींच्या मधला हा ऐवज पाहिला आणि त्याला ‘नेर्फेनकिट’ म्हटलं. किट म्हणजे आपलं लुकण. लाकडी खिडकीत काच बसवताना खडूची पूड जवसाच्या तेलात मळून कडेनं अंगठ्यानं दाबत नेतात ना, तेच. ‘ग्लिया’ हा ग्रीक शब्दही सरस-डिंकाच्या कुळातला. काच महत्त्वाची, लुकण फटी बुजवायला. ‘आधारपेशी’त तीच समजूत उतरली.

आता घड्याळ. डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर जेमतेम वीस हजार चेतापेशींचा पुंजका आहे. झोप-जागेपणाचं मुख्य घड्याळ ते. त्यातच ॲस्ट्रोसाइट या ग्लिया पेशीही असतात. चेतापेशींची धांदल दिवसा, ॲस्ट्रोसाइटची रात्री. रात्री त्या ग्लुटामेट हे रसायन सोडून चेतापेशींना गप्प बसवतात. २०१९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी आणखी पुढचं दाखवलं. घड्याळाची ‘क्राय’ जनुकं नसलेले उंदीर अंधारात ठेवले की चाकावर वेळी-अवेळी पळतात. त्या पुंजक्यातल्या फक्त ॲस्ट्रोसाइटमध्ये एक जनुक परत घातलं, आणि पळण्याला रोजची ठरलेली वेळ आली. चेतापेशींत ते जनुक नव्हतंच. खिडकी लुकणानं उघडली म्हणा की!

म्हणून या वाक्यात ॲस्ट्रोसाइटसाठी ‘तारापेशी’ लिहा. ग्रीक ‘ॲस्ट्रॉन’ म्हणजे तारा. हे नाव दिसण्यावरून पडलंय, कामावरून नाही, त्यामुळे उद्या आणखी एखादं काम सापडलं तरी शब्द खोटा पडणार नाही. सगळ्या कुळासाठी सरळ ‘ग्लिया पेशी’. ‘श्लेष्मपेशी’ मात्र नको. चिकटपणा येतो खरा, पण वाचकाला घशातला कफ आठवेल.

तर वाक्य असं करा: “मेंदूतल्या तारापेशीही शरीराचं घड्याळ चालवतात.” त्यातला ‘ही’ गाळू नका, चेतापेशींनी अजून राजीनामा दिलेला नाही.