वाचकांचे प्रश्न : सेन्सर बदलण्याआधी मल्टिमीटर लावा

प्रश्न : माझ्या सात वर्षे जुन्या कॉमन रेल डिझेल गाडीत चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी०१८३ हा कोड आला. मेकॅनिक म्हणतो, इंधन तापमानाचा सेन्सर गेला, बदलावाच लागेल. सकाळी गाडी सुरू व्हायलाही वेळ लागतो. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : एवढ्यावरून सेन्सर घेऊ नका. पी०१८३ इतकंच सांगतो की या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त दिसतंय. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, सेन्सरला ५ व्होल्ट पुरवतो. डिझेल तापलं की सेन्सरचा रेझिस्टन्स घटतो आणि व्होल्टेज उतरतं. वायर तुटली, पिन सैल झाली किंवा सेन्सर आतून तुटला, तर व्होल्टेज ५ च्या जवळच राहतं आणि ईसीयूला डिझेल उणे ४० अंशांवर असल्यासारखं दिसतं. सांगलीत! पी०१८२ आला असता तर उलट, म्हणजे सिग्नलची वायर अर्थला टेकल्याचा संशय घेतला असता.

रात्रभर उभ्या गाडीत सकाळी फक्त इग्निशन चालू करा आणि स्कॅनरवर इंधन, कूलंट आणि आत येणारी हवा यांची तापमानं पाहा. तिन्ही साधारण सारखी हवीत. काही ईसीयू दोष नोंदला की स्वतःचा ठरीव आकडा दाखवतात. तो बरोबर वाटतो, पण गाडी कितीही तापली तरी हलत नाही. म्हणून आधी कोड पुसा, मग वाचा.

आता इग्निशन बंद करून सेन्सरचा कनेक्टर काढा. मीटर २० किलोओमवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांमध्ये मोजा. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना सुमारे २.५ किलोओम, ४० ला १.२ च्या आसपास आणि ८० ला ३०० ओमच्या जवळपास आकडा मिळतो. नेमका तक्ता तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरा. मीटरने रेझिस्टन्स दाखवलाच नाही (ओएल किंवा डावीकडे नुसता १ आला), तर सेन्सर आतून तुटलेला आहे.

आकडा ठीक आला, तर दोष पुढे आहे. इग्निशन चालू करून वायरिंगकडच्या कनेक्टरच्या दोन पिनांत ५ व्होल्ट येतात का पाहा. नाही आले, तर एकेक पिन बॅटरीच्या निगेटिव्हशी मोजा. एका पिनवर ५ मिळाले, तर अर्थची वायर तुटली आहे. कुठेच मिळाले नाहीत, तर सिग्नलची. मीटर लावलेला असताना हार्नेस (वायरांचा जुडगा) हलवत राहा, सैल जोड तिथेच सापडतो. ५ व्होल्ट नीट येत असतील, तर दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा. स्कॅनरवर तापमान एकदम वर गेलं, तर वायरिंग आणि ईसीयू दोन्ही चांगले.

इथे एक गोष्ट फार जपा. डिझेलच्या हाय प्रेशर पंपावर मीटरिंग व्हॉल्व्हचाही (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा) दोन पिनांचाच कनेक्टर असतो. चुकून तो जोडलात, तर ईसीयूचं काम निघेल. सर्किटच्या नकाशात वायरचे रंग ताडल्याशिवाय जोडणी नको.

जास्त वेळा दोष कनेक्टरमध्येच निघतो : सील फुगून आत डिझेल झिरपलेलं, पिना हिरव्या पडलेल्या, प्रेशर वॉशचं पाणी शिरलेलं, नाहीतर उंदरांनी वायर कुरतडलेली. सेन्सर बदलायचाच ठरला, तर इंजिन बंद करून थंड होऊ द्या, आधी भोवतालची माती साफ करा, वॉशर किंवा ओ-रिंग नवीन घाला, नंतर हातपंपाने लाइनमधली हवा काढा. हाय प्रेशर पाइपच्या नटला हात लावू नका. आणि पंप उतरवायची गोष्ट कोणी काढली, तर आधी सेन्सर कुठे आहे ते दाखवायला सांगा. काही गाड्यांत तो फिल्टरवर किंवा रिटर्न लाइनवर असतो.

सकाळी सुरू व्हायला लागणारा वेळ मात्र याच सेन्सरच्या माथी मारू नका. बॅटरी, ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत उष्णता देणारे) आणि लाइनमध्ये शिरणारी हवा वेगळी तपासा.

प्रश्न : घाटात गाडीची ओढ कमी होते, कोड पी०१६८ येतो. हाही सेन्सरच का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बहुधा नाही. हा कोड इंधन जास्त तापल्याचा आहे. डिझेल खरोखर तापतंय, आणि पंप वाचवायला ईसीयू ताकद कमी करतोय. टाकीत डिझेल कमी असेल तर रिटर्नचं गरम डिझेल लवकर साऱ्या टाकीला तापवतं. गाडीखाली इंधनाचा कूलर असेल, तर तो चिखलाने बुजलाय का पाहा. टाकी भरूनही कोड आला, तर इंजेक्टरची बॅकलीक चाचणी (प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल परत पाठवतो याची मोजणी) करून घ्या. झिजलेला इंजेक्टर जास्त डिझेल परत पाठवतो.

प्रश्न : सेन्सरऐवजी २.२ किलोओमचा रेझिस्टर लावला तर चालेल? (एक वाचक, पुणे)

उत्तर : दिवा विझेल, कदाचित काही दिवसच. ईसीयूला डिझेल कायम २३ अंशांच्या आसपास दिसेल, त्यामुळे तापल्यावरचं संरक्षण जाईल. शिवाय इंजिन गरम होऊनही आकडा हलत नाही हे लक्षात आलं, की पी०१८१, म्हणजे सेन्सरचा आकडा पटत नसल्याचा कोड, येऊ शकतो.