क्लिप आवळूनही कूलंट गळतंय? आधी पाइप काढून बघा

तुम्ही विचारलंय की जुन्या पिकअपच्या इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होज पाइपाच्या टोकातून थेंब थेंब कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) गळतंय, क्लिप आवळूनही थांबत नाही, तर लीक-स्टॉप, म्हणजे गळती बुजवायला कूलंटमध्ये ओतायचं बाटलीतलं रसायन, ओतून भागेल का. नाही भागणार. ओतू नका.

याच बाटलीवरून आमच्या दाजींशी माझं आजवर पटलेलं नाही. माझी पिकअप नेमकी अशीच गळायची. इंजिन तापलेलं असताना सगळं कोरडं आणि सकाळी गार गाडीखाली ओला डाग. दाजी म्हणाले, रेडिएटर गेला, बाटली ओत आणि मोकळा हो. गॅरेजवाल्यानेही रेडिएटरवरच बोट ठेवलं. मला पटेना. रेडिएटर फुटका असता तर दाब चढल्यावर जास्त गळायला हवा होता. गार झाल्यावर गळतंय म्हणजे रबर आकसतंय आणि क्लिपची पकड सुटतेय.

पाइप उतरवला. पाइप इंजिनाला जिथे बसतो त्या थर्मोस्टॅटच्या (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणारी झडप) ॲल्युमिनियमच्या तोंडावर पांढरट, खरखरीत थर, नखाने खरवडला की पिठासारखा झडणारा. त्याखाली बारीक खड्डे. पाइप बाहेरून ठणठणीत, पण आतून टोकापाशी उभ्या चिरा. क्लिप कितीही आवळली असती तरी त्या थराखालून कूलंटने वाट काढलीच असती, शिवाय अति आवळल्याने रबर कापलं जातं ते वेगळंच. बारीक पॉलिश पेपरने तोंड गुळगुळीत केलं, पाइप नवा, क्लिप नवी. गळती बंद. रेडिएटर अजून तोच आहे.

तुमचंही बहुधा हेच. गार गाडीत पाइप टोकापाशी दाबून बघा, लिबलिबीत लागला किंवा आत करकरलं तर सरळ बदला. चीर अगदी टोकाला असेल आणि लांबी पुरत असेल तर तेवढा तुकडा कापूनही काम होतं. जाम बसलेला पाइप हिसकू नका, जुन्या रेडिएटरचं प्लास्टिकचं तोंड कटकन मोडतं. पाइप बदलायचाच असेल तर ब्लेडने उभा चिरून सोलून काढा, फक्त तोंडावर ओरखडा उठू देऊ नका. बसवताना तेल-ग्रीस नको, थोडं कूलंट चोळा. क्लिप तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. मूळची स्प्रिंगची क्लिप असेल तर फेकू नका, गार-गरम होताना तीच पकड सांभाळते.

लीक-स्टॉपला चीर कुठली आणि हीटरची बारीक नळी कुठली, हे कळत नाही. दाजींच्या गाडीचा हीटर त्या बाटलीनंतरच गार पडला. ते म्हणतात योगायोग. मी तो हीटर उघडलाय, आत गाळ होता.

हे आधीच सांगायला हवं होतं: गरम गाडीचं झाकण उघडू नका. आत दाब असल्यामुळे कूलंट १०० अंशांच्या वर असूनही उकळत नाही, झाकण सुटलं की उसळून अंगावर येतं. सांडलेलं लगेच पुसा, ते गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना विष आहे. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा, एकदा तापून गार झाल्यावर पातळी बघा आणि स्क्रूची क्लिप असेल तर ती ढिली पडली नाही ना ते बघा.

आणि पातळी उतरतेय पण बाहेर ओल कुठेच नाही, धूर पांढरा येतोय, तर मामला पाइपाचा नाही. हेड गॅस्केट (इंजिनाचा हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) तपासून घ्या. बाटली तेव्हाही नकोच.