काजू चालतो, मग चिलापीनेच काय घोडं मारलंय?

तुम्ही विचारलंय: वेंगुर्ल्याजवळच्या शेततळ्यात चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, सोडायची आहे, शेजारी म्हणतात परका मासा नको. पण काजू आणि मिरचीही परकीच ना?

हा काजूचा मुद्दा बिनतोड वाटतो, म्हणून तोच आधी घेतो. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, मिरचीही त्यांच्याच गलबतांतून आली, आणि आज मिरचीशिवाय बांगड्याचं तिखलं कोण करेल? परकं म्हणजे वाईट, असं मीही मानत नाही. पण काजू उद्या नकोसा झाला तर कोयता घेऊन तोडता येतो. व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरलेली चिलापी परत गोळा करायला जाळं नाही.

आणि ती व्हाळात उतरणारच. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. देशावरचं शेततळं भरायची पंचाईत, आपलं ओसंडण्याची. तळ्यातून व्हाळात, व्हाळातून नदीत, नदीतून खाडीत. गोड्या पाण्यातले बहुतेक मासे खाडीच्या तोंडाशी थबकतात. मोझांबिक चिलापीला खारं पाणीही मानवतं. खाडीत तिची गाठ पडते आपल्या काळुंदराशी. काळुंदर दगडाला, लाकडाला अंडी चिकटवतो आणि नर-मादी दोघं राखण करत बसतात. चिलापीची मादी अंडी तोंडातच घेऊन फिरते, पिल्लंही तिथेच लपतात. दोन-तीन महिन्यांत ती पिल्लं स्वतः विणीला येतात. लहानपणी मामाच्या पागात, म्हणजे फेकायच्या जाळ्यात, काळुंदर फडफडायचे. हल्ली पाग उलटला की चिलापी निघते आणि मामा शिवी हासडतो.

ही मोझांबिक चिलापी भारतात 1952 साली आणली आणि 1959 सालीच तिच्या प्रसारावर बंदी आली. तळ्यात एवढी गर्दी होते की सगळीच बोटभर राहतात, म्हणजे फायद्याचं गणितही फसतं.

आता चिलापीची बाजू. उजनी धरणाच्या मच्छिमारांना विचाराल तर ते तुम्हाला वेड्यात काढतील, कारण तिच्यावर त्यांची चूल पेटते. शिवाय आमच्या खाडीतले मासे कमी झाले ते एकट्या चिलापीने नव्हे. वाळूउपसा आहे, बुजवलेली खाजणं, म्हणजे खाडीकाठच्या खारट दलदली, आहेत, वर अडवलेलं पाणी आहे. बिघडलेल्या पाण्यात ती तग धरते आणि आळ तिच्यावर येतो. तरी तिला मुद्दाम आणून सोडणं मला पटत नाही.

मालवणच्या समुद्रात डायव्हिंगला गेलात तर पट्टेरी, पिसारा फुलवलेला लायनफिश दिसेल. इथे तो घरचाच. तोच अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि कॅरिबियनमध्ये पोचला, तर तिथल्या लहान माशांना त्याची ओळखच नाही आणि तो त्यांचा फडशा पाडतोय. दोष माशात नाही, जागेत आहे.

मग तळ्यात काय सोडाल? रोहू, कटला. तेही आपले नव्हेत, गंगेकडचे आहेत, पण साठलेल्या पाण्यात ते वीण घालत नाहीत. बीज, म्हणजे छोटी पिल्लं, दरवर्षी विकत आणावं लागतं, म्हणून हिशेब हातात राहतो. अगदी चिलापीच हवी असेल तर गिफ्ट नावाच्या सुधारित जातीची, एकलिंगी म्हणजे सगळ्या नरांच्या बीजाची, परवाना काढून, आणि सांडव्याला बारीक जाळी मारून. विक्रेता थाई मागूर गळ्यात मारत असेल तर दारातूनच परत पाठवा. त्यावर सरळ बंदी आहे, आणि तो हवेतून श्वास घेत ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरं पाणी गाठतो. डासांसाठी गप्पी मासे सिमेंटच्या टाकीत ठीक, व्हाळात नको. तिथे कपाळावर चांदीचा ठिपका असलेले आपले छोटे मासे डासांच्या अळ्या खातातच.

शेजाऱ्यांशी मात्र भांडू नका. तळं फुटलं तर पाणी बहुधा आधी त्यांच्याच कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, जाईल.