वकिलीला ना नाही, पण मुलीने ‘तसल्या’ केसेस घेऊ नयेत

प्रश्न : आम्ही मुंब्र्यात, कौशाला राहतो. माझं शिवणकामाचं दुकान आहे. मुलगी मराठी माध्यमातून शिकली, आता बारावी आर्ट्सला आहे. दहशतवादाच्या खटल्यांत आरोपींची बाजू मांडणारे मुंबईचे वकील शाहिद आझमी यांच्याबद्दल वाचल्यापासून ‘मानवी हक्कांची वकील होणार’ म्हणते. वकिलीला माझी ना नाही. पण त्यांना तर गोळ्या घातल्या. तिच्या आईला झोप लागत नाही. मुलीचं इंग्रजीही बेताचंच आहे. काय करावं?

उत्तर : भाई, तुमची भीती खोटी नाही. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्याच्या ऑफिसात त्यांचा खून झाला, तेव्हा ते अवघे बत्तीस वर्षांचे होते. ‘असं काही होत नाही हो’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण मुलीला त्यांच्यात नेमकं काय भावलं, हे तिला एकदा शांतपणे विचारा. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक होऊन त्यांनी दिल्लीच्या तिहार तुरुंगात काही वर्षं काढली, तिथेच पुन्हा पुस्तकं हातात धरली आणि सुटल्यावर कायद्याची पदवी घेतली. हे वाचून कुणीही भारावून जाईल. त्यांचं रोजचं काम मात्र कागद वाचण्याचं होतं.

२६/११ च्या खटल्यात ते फहीम अन्सारी या आरोपीचे वकील होते. पोलिसांचं म्हणणं होतं की फहीमने दिलेला नकाशा अबू इस्माईल या मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या पँटच्या खिशात सापडला. पँट रक्ताने भिजलेली, आणि कागदावर रक्ताचा डागही नाही! कोर्टाला हा पुरावा पटला नाही. मे २०१० मध्ये फहीम त्या खटल्यातून सुटला आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती सुटका कायम ठेवली. निकाल ऐकायला आझमी नव्हते. त्यांचे भाऊ खालिद पुढे वकिलीच करू लागले, हेही तिच्या आईला सांगा.

या कामाला लागते ती नजर, आणि इथेच तुमच्या मुलीचं मराठी कामाला येईल. आपल्याकडे एफआयआर, पंचनामा, जबाब सगळं मराठीत असतं. मुंब्र्यातून पकडून नेलेल्या पोराला कित्येकदा ते वाचताच येत नाही. तो सही करून मोकळा होतो. त्याच्याशी घरच्या बोलीत बोलणारी आणि पंचनाम्यातली ओळ न् ओळ समजणारी वकील त्याच्यासाठी काय असेल, विचार करा. इंग्रजी पाच वर्षांत येईल. रोज एक निकाल मोठ्याने वाचायला सांगा.

बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्ससाठी एमएच-सीईटी लॉ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. खुल्या गटाला बारावीत किमान ४५ टक्के लागतात. पदवीनंतर बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आणि ऑल इंडिया बार परीक्षा. सनदेची फी खुल्या गटाला ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये सांगितलंय. कुणी जास्त मागितली तर देऊ नका.

मला खरी काळजी पैशाची वाटते. सीनियर वकिलाकडे शिकण्याची पहिली दोन-तीन वर्षं जाण्यायेण्याच्या खर्चापुरतेच पैसे मिळतात. तेवढा काळ घर तिच्या कमाईवर अवलंबून राहणार नाही, अशी सोय आतापासून करा. याच काळात अनेक मुली वकिली सोडतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. थोड्या अनुभवानंतर गरिबांना मोफत वकील देणाऱ्या सरकारी विधी सेवा प्राधिकरणाच्या लीगल एड डिफेन्स कौन्सिलमध्ये ठरलेल्या मानधनावर पूर्णवेळ काम मिळू शकतं. तिथे गरीब आणि कोठडीतल्या आरोपींच्या केसेस असतात. तिला हवं तेच काम, आणि ती एकटी पडणार नाही. दहशतवादाचे खटले पहिल्या दिवशी कुणी नवख्याच्या हाती देतही नाही.

आत्ताच ‘तसल्या केसेस घेणार नाहीस ना’ असं वचन मात्र तिच्याकडून मागू नका. बोर्डाची परीक्षा झाली की दोघं मिळून ठाण्याच्या कोर्टात या. अकराच्या आधी पोहोचा, मोबाइल बंद ठेवा आणि रिमांड चालतो, म्हणजे अटक केलेल्यांना कोठडीत ठेवायचं का हे ठरतं, त्या कोर्टात मागच्या बाकावर बसा. आईलाही सोबत आणा.