मतं जवळपास निम्मी-निम्मी, मग जागा १० विरुद्ध ४ कशा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. नॉर्थ कॅरोलायनात दोन्ही पक्षांची ताकद उन्नीस-बीस असताना २०२४ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या (म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाच्या) १४ पैकी १० जागा रिपब्लिकनांना कशा मिळाल्या, आणि मतदारसंघांची ही मोडतोड कोर्ट थांबवत का नाही. मी याच राज्यात, ग्रीन्सबरोत राहते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी ताकदीचं बघू. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना सुमारे तीन टक्क्यांनी पुढे ठेवलं आणि गव्हर्नर म्हणून डेमोक्रॅट जॉश स्टाइन यांना दणदणीत मतांनी निवडलं. म्हणजे राज्य कुणा एकाचं नाही. त्याआधी २०२२ मध्ये, कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मदतीने आखलेल्या नकाशावर निकाल लागला होता ७-७. दोन वर्षांत मतदार एवढे पालटले नाहीत. नकाशा पालटला.

आखणी करतं राज्याचं विधिमंडळ, म्हणजे ज्याचं बहुमत त्याच्या हातात पेन. आणि नॉर्थ कॅरोलायनात या नकाशावर गव्हर्नरला नकाराधिकारच नाही. आपल्याकडे हे काम परिसीमन आयोग करतो. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेली व्यक्ती अध्यक्ष, निवडणूक आयोगाची माणसं सदस्य, आणि आमदार-खासदार फक्त सहयोगी, त्यांना मताचा अधिकार नाही. २००९ च्या आधी पंढरपूर मतदारसंघ गेला, माढा आला, पुष्कळांची गणितं बिघडली. पण ती रेघ कुठल्या पक्षाच्या बैठकीत मारलेली नव्हती. आपल्या आयोगातही दोष आहेत, तरी हा फरक मला फार मोठा वाटतो.

इथे या खेळात कुणीच धुतल्या तांदळाचं नाही, हेही सांगायला हवं. १९९० च्या जनगणनेनंतर विधिमंडळ डेमोक्रॅट्सकडे होतं. त्यांनी आखलेला १२ वा मतदारसंघ आय-८५ महामार्गाला धरून सुमारे १६० मैल वळवळत गेला होता. त्यावरून १९९३ मध्ये 'शॉ विरुद्ध रीनो' हा गाजलेला निकाल आला: वंशाच्या आधारे केलेल्या आखणीला कोर्टात आव्हान देता येतं. २०१० मध्ये विधिमंडळ रिपब्लिकनांकडे गेलं आणि पेनही गेलं. २०१२ मध्ये राज्यभरात काँग्रेससाठी डेमोक्रॅट्सना थोडी जास्तच मतं पडली, आणि जागा मिळाल्या १३ पैकी ४.

मग आलं २०१६. कोर्टाने तो नकाशा वंशाच्या आधारे आखला म्हणून रद्द केला. नवा नकाशा मांडताना आमदार डेव्हिड लुईस यांनी समितीत उघड सांगितलं की १० रिपब्लिकन आणि ३ डेमोक्रॅट निवडून यावेत अशीच आखणी करायची, कारण ११ आणि २ करणं शक्य वाटत नाही. एवढा उघडपणा कशासाठी? वंशाच्या आधारे विभागणी केली असं ठरलं तर कोर्ट अडवतं. पक्षाच्या फायद्यासाठी केली, हे नोंदीवर आलं तर बचाव तयार राहतो.

त्या नकाशातली एक रेघ आमच्या शहरात मी रोज बघत होते. नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी हे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेलं देशातलं सर्वांत मोठं विद्यापीठ. १९६० मध्ये वूलवर्थ दुकानातल्या, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या जेवणाच्या काउंटरवर ठिय्या देणारे चार विद्यार्थी इथलेच. रेघ त्याच्या आवारातून, लॉरेल स्ट्रीटवरून गेली होती. रस्त्याच्या एका बाजूचे विद्यार्थी सहाव्या मतदारसंघात, दुसऱ्या बाजूचे तेराव्यात. दोन्हीकडे त्यांची मतं ग्रामीण भागात विरून जायची. याची चीड मला आजही आहे.

आता कोर्टाचं. २०१९ मध्ये 'रूचो विरुद्ध कॉमन कॉज' या खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ५-४ ने सांगितलं की पक्षीय फायद्यासाठीच्या आखणीत फेडरल (केंद्राची) कोर्टं पडणार नाहीत, राज्यांनी बघावं. राज्याने बघितलंही: फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४-३ ने विधिमंडळाचा नवा नकाशा फेटाळला, म्हणून ते ७-७. पण इथे न्यायाधीशही पक्षाच्या नावावर निवडून येतात. त्याच नोव्हेंबरात दोन जागा फिरल्या, न्यायालय ५-२ ने रिपब्लिकनांचं झालं आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याने तोच निकाल उलटवला. राज्यघटना तीच, शब्द तेच.

ऑक्टोबरात विधिमंडळाने पुन्हा नकाशा काढला. आमच्या गिलफर्ड काउंटीचे (जिल्ह्याचे) तीन तुकडे झाले, त्यातला एक पार ब्लू रिजच्या डोंगरांना जोडला. डेमोक्रॅट खासदार कॅथी मॅनिंग यांनी उभं राहायचंच सोडलं, आणि २०२४ ला त्यांच्या सहाव्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवारही नव्हता. माझ्या मते त्या जागेचा निकाल २०२४ मध्ये लागलाच नाही. तो २०२२ च्या न्यायाधीशांच्या निवडणुकीत लागून गेला होता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये, टेक्सासपाठोपाठ, पुढच्या जनगणनेची वाट न बघता मधल्या मधेच आणखी एक फेररचना झाली. या वेळी निशाणा होता ईशान्येकडचा पहिला मतदारसंघ, डेमोक्रॅट खासदार डॉन डेव्हिस यांचा, जिथून १९९२ पासून सलग कृष्णवर्णीय खासदार निवडून आले आहेत. फेडरल कोर्टाने ती रोखायला नकार दिला.

इथे नागरिकत्व घेतलेले आपले बरेच लोक मतपत्रिकेवरच्या मोठ्या नावांवर खूण करून खाली येईपर्यंत कंटाळतात आणि न्यायाधीशांचे रकाने कोरे सोडतात. मी भेटेल त्याला सांगते की २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या डेमोक्रॅट न्यायमूर्ती ॲलिसन रिग्ज यांची जागा ५५ लाखांहून जास्त मतांत ७३४ मतांनी राहिली, तीही सहा महिने खटला चालल्यावर. २०२६ च्या मतपत्रिकेवर त्याच न्यायालयातल्या डेमोक्रॅट न्यायमूर्ती अनिता अर्ल्स यांची जागा आहे.